पाणी खाली बसेपर्यंत

"मी तेलात होतो" असं म्हटलं की आमचे पुण्याचे नातेवाईक विचारतात, "शेंगदाण्याच्या की खोबऱ्याच्या?" त्यांची चूक नाही. कलकत्त्यात जन्मलेला आणि खिदिरपुरात वाढलेला मराठी माणूस पोटासाठी नक्की काय करत असेल, याची कल्पनाच त्यांना करता येत नाही. तर मी रॉकेलात होतो, पेट्रोलात होतो आणि डिझेलात होतो. डिझेलात तर एकदा खरोखरच कमरेपर्यंत होतो, पण ती हकीकत सांगितलेली माझ्या बायकोला आवडत नाही, म्हणून वगळतो.

देश स्वतंत्र झाल्यानंतर लवकरच मला बजबजच्या तेल-डेपोत नोकरी लागली. बजबज हे कलकत्त्याच्या खालच्या अंगाला, हुगळीच्या काठावर. समुद्रावरून आलेली तेलाची जहाजं तिथे लागायची आणि त्यांच्या पोटातलं तेल आमच्या टाक्यांत उतरायचं. कंपनी विलायती, साहेब विलायती, तेल इराणचं आणि घाम आमचा. हे शेवटचे तीन शब्द माझे नाहीत, निर्मलदांचे आहेत. त्यांच्याकडे येतोच.

माझं काम होतं 'डिप' घ्यायचं. तेलाची टाकी म्हणजे तीन मजली घराएवढं झाकण घातलेलं पातेलं. शिडीने छपरावर चढायचं, भोकाचं झाकण उघडायचं, टोकाला पितळेचं वजन लावलेली पोलादी फीत तळाला टेकेपर्यंत आत सोडायची, वर ओढायची आणि ती कुठवर ओली झाली ते वाचायचं. हे आमच्या आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बी.एस्सी. होऊन तू घासलेटात दोरी बुडवतोस." याहून नेमकं वर्णन मला पुढे तीस-पस्तीस वर्षांत करता आलं नाही.

पण या दोरी बुडवण्यातही दोन गमती होत्या. एक म्हणजे तेल उन्हाने फुगतं आणि गारव्याने आकसतं. दुसरी म्हणजे टाकीच्या तळाशी नेहमी थोडं पाणी असतं. तेल हलकं, पाणी जड, त्यामुळे पाणी गुपचूप खाली बसलेलं असतं. ते कळावं म्हणून फितीच्या टोकाला एक पेस्ट लावायची. तेलात तिला काही होत नाही, पाणी लागलं की तिचा रंग पालटतो. रंग पालटला तेवढं पाणी, त्यावरचं ते तेल. आमच्या धंद्यातलं सगळं ज्ञान या एवढ्यात आलं.

ते मला शिकवलं निर्मलदांनी. निर्मलदा आमच्यातले सर्वांत जुने डिपवाले आणि युनियनचे सेक्रेटरी. अंगाने काडी, आवाज मात्र जहाजाच्या भोंग्याला ऐकू जाईल असा. बगलेत छत्री, खिशात विड्या, आणि डोक्यात मार्क्स. पहिल्याच दिवशी टाकीच्या छपरावर त्यांनी मला विचारलं, "माधव, हे तेल कुणाचं?"

"कंपनीचं," मी म्हणालो.

"नोकरी लागून किती वेळ झाला?"

"दोन तास."

"म्हणजे दोन तासांत गुलाम झालास," ते आनंदाने म्हणाले आणि मला विडी दिली. मग तेलाच्या टाकीवर विडी दिली हे लक्षात येऊन स्वतःच दचकले आणि माझ्या हातातून ती काढून घेतली.

दुपारच्या सुट्टीत टाकीच्या सावलीत त्यांचा वर्ग भरायचा. चणे-मुरमुरे खात आम्ही सात-आठजण बसायचो. निर्मलदा टाकीभोवतीच्या बांधाच्या भिंतीवर खडूने नकाशा काढायचे. इराण, इराक, कुवेत, ब्रह्मदेश, आणि कोपऱ्यात आपलं आसाम. नकाशा भूगोलाच्या मास्तरांना घेरी आणेल असा. इराण कधी वांग्यासारखा, कधी बुटासारखा. पण बोलायला लागले की मुरमुरे घशात अडकायचे.

"बघा," ते म्हणायचे, "गरीब देशात तेल सापडलं की आधी इंजिनियर येतो. त्याच्या मागून बँकवाला येतो. बँकवाल्यामागून गनबोट येते. मग वर्तमानपत्रात छापून येतं की तिथले लोक फार भांडखोर, टोळ्या-टोळ्यांत मारामाऱ्या करतात. अरे, तुमच्या घराच्या परसात कुणी सोन्याची खाण खणली आणि तुम्हाला फक्त फावडं मारायची मजुरी दिली, तर तुम्ही काय भजन कराल?"

त्यांचं वरकड मूल्यावरचं व्याख्यान तर मी जन्मात विसरणार नाही. हावड्याचा एक तेलविक्रेता होता, गोल आणि संशयी. तो नेहमी तक्रार करायचा की दुपारी तुमच्याकडून पिंपं भरून नेतो आणि सकाळी दुकानात मोजतो तर तेल कमी भरतं. त्याला वाटायचं त्याचा ड्रायव्हर चोर आहे. तीन ड्रायव्हर बदलून झाले. निर्मलदांनी त्याला वर्गात आणून बसवलं. दुपारचं तेल फुगलेलं असतं, सकाळी आकसतं, चोरी ड्रायव्हरने नाही, सूर्याने केली, असं समजावलं. "आणि सूर्य कुणाच्या पगारावर आहे?" त्यांनी विचारलं. विक्रेता बिचारा म्हणाला, "कंपनीच्या?" टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे थंडीत लॉरी घेऊन दारात उभा राहू लागला, आणि आमची झोपमोड झाली.

मग इराणने आपलं तेल आपल्या ताब्यात घेतलं.

पन्नास साल उलटल्यानंतरचा तो उन्हाळा. बातमी आली तेव्हा मी टाकीवर होतो. खालून निर्मलदा धावत येताना दिसले. छत्री उघडी, धोतराचा सोगा हातात, पायातली एक चप्पल कुठेतरी मागे राहिलेली. "घेतलं! घेतलं! आपल्या लोकांनी घेतलं!" असं ओरडत ते शिडी चढले. इराणी लोक 'आपले' कधी झाले हे विचारायची कुणाला सवड नव्हती. त्यांनी मला मिठी मारली. आम्ही दोघं त्या छपरावर नाचलो. तेलाच्या टाकीचं छप्पर नाचायला मुळीच बनवलेलं नसतं, ते ढोलासारखं वाजायला लागलं. खाली सगळा डेपो जमला. त्या दिवशी निर्मलदांनी अख्ख्या डेपोला संदेश, म्हणजे बंगाल्यांचे पेढे, वाटले. मी तरुण होतो. मला खरोखर वाटलं की आता दोन-चार वर्षांत जग सरळ होणार. तसं वाटण्याचं सुख काय असतं ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

संदेश पचायच्या आत जहाजं यायची बंद झाली. तिकडचे गोरे साहेब निघून गेले, विलायतेने तेल अडवलं, कारखाना थंडावला. आपल्याकडे तर बहुतेक तेल तिथूनच यायचं. आमच्या रॉकेलच्या टाक्या एकेक करून तळाला गेल्या. ज्यांच्या घरी वीज नाही त्यांच्या घरी अंधार, आणि कलकत्त्यात अशी घरं गल्ल्या-गल्ल्यांतून. डेपोच्या फाटकाबाहेर डबे घेऊन रांगा लागल्या. निर्मलदा रांगेला समजवायला गेले की हा जनतेचा विजय आहे. एका म्हातारीने त्यांना डबा फेकून मारला.

आणि त्याच श्रावणात त्यांच्या बहिणीचं लग्न होतं.

शेफाली निर्मलदांची एकुलती धाकटी बहीण, बागबाजारात मुलींच्या शाळेत शिकवायची. वडील नव्हते. निर्मलदांनीच तिला वाढवलं, बी.ए. केलं. मुलगा आसामात रेल्वेत होता, शांत आणि चष्म्याचा. त्याला ती आवडली होती आणि तिला तो. पण त्याचे मामा सगळा व्यवहार बघत होते आणि मामांना हे घर काही पटलेलं नव्हतं. पोरीचा भाऊ लाल झेंडेवाला, हे त्यांच्या दृष्टीने मुलीला एक डोळा कमी असण्यासारखं होतं. काहीतरी निमित्त मिळायचा अवकाश, की ते मुलाला घेऊन परत जाणार. आणि लग्न पुढे ढकलायचीही सोय नव्हती. बंगाल्यांत श्रावणानंतर तीन महिने मुहूर्तच नसतात. तोवर मामांनी दुसरी मुलगी नक्की शोधली असती.

घर भाड्याचं, जुन्या गल्लीतलं. घरमालकाने वीज घेऊ दिली नव्हती. बंगाली लग्न लागतं संध्याकाळनंतर, म्हणजे अंगणात पाच-सहा तरी पेट्रोमॅक्स हवेत. आणि रॉकेल कुठे होतं? काळ्या बाजारात होतं. पण निर्मलदा म्हणाले, "मेलो तरी नाही. मी काळाबाजारवाल्यांविरुद्ध मोर्चे काढले आहेत." डेपोतून डबाभर उचलावं असं कुणीतरी सुचवलं तर आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत.

मी त्यांच्या घरी जाऊन एक अगदी साधा उपाय सुचवला. "आमच्याकडे लग्नं दिवसाउजेडी लागतात. दुपारी बाराला लावून टाका. दिव्यांची भानगडच नको."

निर्मलदांची आई, म्हणजे आमच्या मासीमा, सुपारी कातरत होत्या. अडकित्ता हातातच राहिला. बागबाजार म्हणजे मराठ्यांच्या स्वाऱ्यांना भिऊन कलकत्त्याने जो खंदक खणला, तो जिथून सुरू व्हायचा ती जागा. मासीमा मला लाडाने 'बर्गी'च म्हणायच्या, म्हणजे लुटारू मराठा घोडेस्वार. मी आलो की सुनेला सांगायच्या, "भांडी मोजून ठेव गं."

"भरदुपारी लग्न?" त्या म्हणाल्या. "अरे बर्गी, तुम्ही लोक लग्नाला जाता की दरोड्याला?"

शेफाली आतून इतकी हसली की तिला ठसका लागला.

याच दिवसांत आमच्याकडे डॉब्सनसाहेब आले. इराणातून निघालेल्या गोऱ्या साहेबांपैकी एक. कंपनीने त्यांना तात्पुरतं आमच्या डेपोवर आणून बसवलं. लालबुंद चेहरा, थकलेले डोळे, आणि तिकडच्या हिंदी कामगारांकडून शिकलेली तोडकीमोडकी हिंदुस्तानी. निर्मलदा त्यांना बघायला असे गेले, जसे लोक प्राणिसंग्रहालयात जातात. जिवंत साम्राज्यवादी, तोही हरलेला!

"तिकडे काय सोडून आलात?" निर्मलदांनी विचारलं.

"घर. कुत्रा. गुलाब," साहेब म्हणाले. "बहुत गुलाब लगाया था."

"कुणाच्या जमिनीत?"

आम्हाला वाटलं, आता निर्मलदांची नोकरी गेली. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाले, "हां. वो सवाल मैंने कभी पूछा नहीं." आणि त्यांनी निर्मलदांना सिगरेट देऊ केली. ती मात्र तेलाच्या टाकीपासून योग्य अंतरावर.

तेव्हापासून दोघांचं रोज भांडण. साहेब म्हणायचे, आम्ही नसतो तर ते तेल जमिनीतच राहिलं असतं. निर्मलदा म्हणायचे, जमिनीत राहिलं असतं तर निदान त्यांचं तरी राहिलं असतं. भांडता भांडता एक दिवस निर्मलदा ओरडले, "तुमची टाकी रिकामी, तुमची कंपनी रिकामी!" आणि साहेब तितक्याच जोरात ओरडले, "टाकी कभी खाली नहीं होता!"

ओरडून झाल्यावर साहेब ताडकन उठले. मग म्हणाले, "शिडी कुठे आहे?"

कारण ते खरंच होतं. तेल काढायची नळी टाकीच्या अगदी तळाला नसते, थोडी वर असते, म्हणजे तळातलं पाणी आणि गाळ तेलात येऊ नये. नळीच्या खाली जे तेल राहतं ते कधीच बाहेर येत नाही. हिशेबात आम्ही त्याला मेलेला साठा म्हणायचो. टाक्या मोठ्या, त्यामुळे तो मेलेला साठाही पुष्कळ. साहेबांनी तिकडे एकदा अडचणीत केलं होतं तेच इथे करायचं ठरवलं. टाकीच्या तळाशी बंबाच्या नळीने अलगद पाणी भरायचं. पाणी जड, ते खाली राहणार. तेल हलकं, ते पाण्यावर तरंगत नळीच्या वर येणार.

वरच्या कचेरीने परवानगी दिली. आम्ही पाणी सोडलं. मी फीत टाकून दर थोड्या वेळाने वरून ओरडत होतो, "वर येतंय! वर येतंय!" निर्मलदा खाली उभे राहून त्याचं शास्त्र कामगारांना समजावत होते. "बघा! तळाला साधं पाणी घुसलं की मेलेलं तेल जिवंत होतं. जनता खालून उठली की इतिहास असाच वर येतो!" साहेब डोकं हलवत म्हणाले, "इस आदमी को पाइप में भी क्रांती दिखता है."

आता साहेबांनी एकच गोष्ट बजावून सांगितली. तेल आणि पाणी हलवलं गेलंय, थोडं एकमेकांत मिसळलंय. उद्यापर्यंत थांबायचं. पाणी खाली बसू द्यायचं. मी पेस्ट लावून बघायची, आणि मगच व्हॉल्व्ह उघडायचा.

पण फाटकाबाहेर रांग उभी होती. टाकीत तेल आलं ही बातमी तिथवर पोचली होती. निर्मलदा फाटकाशी गेले, लोकांकडे पाहिलं, आणि परत आले ते व्हॉल्व्हच्या चाकाकडेच. मी म्हणालो, "निर्मलदा, उद्या."

"उद्या!" ते म्हणाले. "प्रत्येक शोषक जनतेला हेच सांगतो, उद्या! आता तेलसुद्धा आम्हाला थांबायला सांगणार?"

आणि त्यांनी चाक फिरवलं. रॉकेल आलं. रांगेतून असा जल्लोष उठला की नदीतल्या स्टीमरांनी भोंगे वाजवले. ज्या म्हातारीने डबा फेकून मारला होता तिने त्यांचा पापा घेतला. साहेब हे बघत उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला. खरं सांगायचं तर मलाही त्या घटकेला थांबवावंसं वाटलं नाही. सगळी माणसं हसत होती.

लग्नाच्या दिवशी दुपारी निर्मलदांच्या चुलतभावाने गल्लीतल्या दुकानासमोर सर्वांसारखं रांगेत उभं राहून दोन डबे रॉकेल आणलं. आमच्याच टाकीतलं. मी निर्मलदांना हळूच विचारलं, "पेस्ट लावून बघू का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या बहिणीच्या चारित्र्याविषयी विचारलं होतं. "माझ्या हाताने काढलेलं तेल आहे ते," ते म्हणाले. चुलतभावाने ते तसंच पेट्रोमॅक्समध्ये ओतलं.

संध्याकाळी अंगण असं उजळलं की मामांनासुद्धा तक्रारीला जागा राहिली नाही. शंख, बायकांनी जीभ हलवून काढलेला उलूध्वनी, माशांचा वास. आणि दारात एक मोटार थांबली. त्यातून डॉब्सनसाहेब उतरले. कचेरीची रीत म्हणून पत्रिका दिली होती, ते येतील असं कुणालाही वाटलं नव्हतं. हातात इराणी गुलाबपाण्याची बाटली. बहुधा तिकडून आणलेल्या मोजक्या वस्तूंपैकी एक. मासीमांनी त्यांना पाटावर बसवलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "एक बर्गी होताच, आता दुसरा आला."

बंगाली लग्नात वधूला लाकडी पाटावर बसवून तिचे भाऊ तो पाट उचलतात आणि वराभोवती सात फेरे घालतात. ती विड्याची पानं धरून चेहरा झाकते. सात फेरे झाले की पानं बाजूला करते आणि दोघं एकमेकांना पाहतात. तोवर पाट खाली टेकवायचा नाही. भाऊ कमी पडले म्हणून पाटाच्या एका कोपऱ्याला मला लावलं होतं. पुढे निर्मलदा, मागे मी. शेफाली काही जाड नव्हती, पण बनारसी साडी, दागिने आणि आमच्या घामेजलेल्या हातांमुळे पाट भलताच निसरडा झाला होता.

चार फेरे झाले. पाचवा सुरू होता आणि कोपऱ्यातला पेट्रोमॅक्स खोकला.

त्याने एकदा थुंकल्यासारखं केलं आणि विझला. मग दुसरा. मग सगळे, एकामागून एक. मला तत्क्षणी कळलं. तेलातलं पाणी एवढ्या वेळात दिव्यांच्या तळाशी बसलं होतं, आणि पेट्रोमॅक्सची नळी तळातूनच तेल ओढते. पाणी खाली बसायचं जे काम आमच्या टाकीत व्हायला हवं होतं, ते दिव्यांत झालं. उरल्या फक्त पूजेच्या दोन समया. अंधारात मामांचा आवाज आला, "ऐन फेऱ्यांत दिवे गेले! असला अपशकुन! उठ रे, चल. हे लग्न होणार नाही."

मासीमांनी हंबरडा फोडला. आणि निर्मलदांनी, खांद्यावर सख्खी बहीण, पाचवा फेरा अर्धा, अशा स्थितीत मामांना शास्त्रीय खुलासा सुरू केला. "अपशकुन नाही, पाणी आहे! वसाहतवादी कंपनीने टाक्यांत मुद्दाम नळ्या उंच ठेवल्या आहेत, त्यामुळे मेलेला साठा—"

"निर्मलदा, पाट घसरतोय!" मी मागून म्हणालो.

"—इराणी जनतेने जेव्हा आपलं तेल—"

"दादा!" वरून आवाज आला. वधूने या वेळी बोलायचं नसतं. ती बोलली. "तेल कुणाचं ते तुम्ही नंतर ठरवा. आधी मला नीट धरा." मग अंधारातच, पानं चेहऱ्यावर तशीच धरून, ती खालच्या मुलाला म्हणाली, "आणि तुम्ही काय दिवे बघायला आला होतात?"

 आत्तापर्यंत त्या चष्मेवाल्या मुलाचा आवाज मी ऐकलाच नव्हता. तो उठला होता, मामांनी त्याचा दंड धरला होता. त्याने दंड सोडवून घेतला आणि परत जागेवर उभा राहिला. "नाही," तो म्हणाला. "तुम्हाला बघायला आलोय. अजून दोन-अडीच फेरे आहेत ना?"

तेवढ्यात गल्लीतून पांढऱ्या उजेडाचा लोट अंगणात शिरला. साहेबांनी मोटार उलटी वळवून दाराशी आणली होती आणि पुढचे दोन्ही दिवे लावले होते. आम्ही धावत, हसत, घसरत उरलेले फेरे पुरे केले. शेफालीने पानं बाजूला केली. दोघांनी एकमेकांना पाहिलं, मोटारीच्या उजेडात डोळे किलकिले करून. साहेब मोटारीतून भोंगा वाजवत होते. निर्मलदांनी एकदा त्या मोटारीकडे पाहिलं, विलायती मोटार, कंपनीचं पेट्रोल, आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "आजच्यापुरतं चालेल," ते मला म्हणाले. त्या रात्री मामांनी सर्वांत जास्त मासे खाल्ले.

दोनेक वर्षांनी इराणातलं ते सरकार उलथलं. बाहेरून कुणी पैसे पुरवले, कुणी रणगाडे रस्त्यावर आणले, हे सगळं हळूहळू बाहेर आलं. तेलकंपन्या, आता आणखी भागीदार घेऊन, पुन्हा आत शिरल्या. निर्मलदांनी वीस वेळा खडूने काढलेला तो नकाशा अगदी बरोबर निघाला होता. इंजिनियर, बँकवाला, गनबोट. पण बरोबर निघाल्याचं त्यांना मुळीच सुख झालं नाही. कंपन्या परतल्याची बातमी आली त्या दिवशी वर्ग भरला नाही. ते भिंतीला टेकून बसले होते आणि मुरमुऱ्यांचा पुडा तसाच बांधलेला. मला फार वाईट वाटलं. त्यांच्या तोंडून शिवी आली असती तरी चाललं असतं.

साहेबांना तिकडे परत बोलावणं आलं. ते निरोप घ्यायला आले. ते जिंकले होते, पण चेहरा तसा नव्हता. "गुलाब होंगे तो आपको लिखूंगा," एवढंच म्हणाले. निर्मलदांनी त्यांच्याशी हात मिळवला.

शेफाली त्या दिवसांत बाळंतपणासाठी बागबाजारला आली होती. साहेब निरोप घेऊन गेले त्या संध्याकाळी मी निर्मलदांना घरी पोचवायला गेलो. ती व्हरांड्यात बसली होती, अवघडलेली. भावाचा चेहरा पाहून तिला सगळं कळलं. ती काही समजूत घालणारी बाई नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "तेलात पाणी मिसळलं की ते खाली बसायला वेळ लागतो, असं तुला साहेबांनी सांगितलं होतं ना? माझ्या लग्नातही तू ऐकलं नाहीस."

निर्मलदांनी बगलेतली छत्री खाली ठेवली. मग हसले. आधी हळू, मग इतके जोरात की मासीमा आतून काय झालं म्हणून धावत आल्या. त्यांना वाटलं बाळंतपण सुरू झालं.

पुष्कळ वर्षं गेली. आपल्याकडेही एक दिवस विलायती कंपनीचा बोर्ड उतरला आणि सरकारी बोर्ड चढला. मी तोवर डेपोचा प्रमुख झालो होतो, निर्मलदा केव्हाच निवृत्त. बोर्ड बदलायच्या सकाळी ते फाटकाशी हजर. धुतलेलं धोतर, बगलेत छत्री, सोबत शेफाली. मला म्हणाले, "माधव, एकदा डिप घेऊ दे."

या वयात शिडी चढू देणं नियमाबाहेरचं होतं. मी त्यांच्या मागे मागे चढलो. वर गेल्यावर त्यांनी फितीला पेस्ट लावली आणि फीत आत सोडली. खाली शेफाली मान वर करून उभी होती. तिने ओरडून विचारलं, "दादा, कुणाचं तेल?"

निर्मलदांनी फीत वर ओढली, डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिली. पेस्टचा रंग तळाशी बऱ्यापैकी पालटला होता.

"आपलं!" ते खाली वाकून ओरडले. "पण पाणी आहे अजून. थांबावं लागेल."

आणि ते खरोखर थांबले. छत्री उघडून टाकीच्या छपरावर बसले आणि मला शेजारी बसायला सांगितलं.